फेरी ४१

"घंटा मी एका हातानं वाजवतो. त्याला तुमची अकरा पोरं आणि अख्खा हॉल कशाला लागतोय, बाई?"

शाळेचे शिपाईमामा हे मला डिसेंबरभर रोज विचारत होते, आणि त्यांच्या प्रश्नात खोट काढायला जागा नव्हती. व्हरांड्यात पितळी घंटा, शेजारी खुंटीला लाकडी मोगरी. मामा येतात, मोगरी उचलतात, टोल देतात, निघून जातात. नेमकं तेवढंच काम करायला आम्ही बारा टप्प्यांचं यंत्र बांधत होतो. हॉलच्या या टोकाला एक पाचर ओढायची आणि त्या टोकाला, खिडकीपलीकडे, घंटा वाजायची. मधल्या वेळात गोटी घरंगळणार, कॅसेटी पडणार, मोहरी सांडणार, खेळण्यातला ट्रक उतारावरून सुटणार. मुख्याध्यापकांनी एकदा दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "हा तर द्राविडी प्राणायाम." मी म्हटलं, "सर, प्रकल्पाचं नावच ते देऊ या." त्यांना ते रुचलं नाही. फॉर्मवर शेवटी 'साधी यंत्रे व त्यांचे उपयोग' असं गेलं.

सुरुवात एका अडकित्त्यापासून झाली. साधी यंत्रं मुलं सहावीत शिकतात. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, स्क्रू, चाक आणि आस. आठवीत आली तरी ही नावं त्यांना पाढ्यासारखी येतात. टेकू मध्ये असला की पहिला प्रकार, भार मध्ये असला की दुसरा, बल मध्ये असलं की तिसरा. 'अडकित्ता कोणत्या प्रकारची तरफ?' म्हटलं की वर्ग एका सुरात 'दुसऱ्या' म्हणतो. एके दिवशी मी पिशवीतून खरा अडकित्ता काढला (सासूबाईंचा, न विचारता आणलेला) आणि पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हातात दिला. त्यानं सुपारी पात्याच्या अलीकडच्या टोकाला, मुठींच्या बाजूला धरली आणि दातओठ खाऊन दाबली. सुपारी फुटली नाही, निसटून फळ्यावर आपटली. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "खिळ्याकडं सरकव की." सरकवली, तशी कटकन फुटली. तिची आजी पान खाते. त्या मुलाला घटक चाचणीत वीसपैकी एकोणीस होते आणि तिला नऊ. मला त्या रात्री झोप जरा उशिराच लागली.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन यंदा आमच्याच शाळेत भरणार होतं. दरवर्षी थर्माकोलचा ज्वालामुखी आणि पावसाच्या पाण्याची साठवण असते. म्हटलं, या वेळी सहाही यंत्रं हाताखालून जातील असं काहीतरी करू. मुलांना मोबाइलवर रूब गोल्डबर्गचं एक चित्र दाखवलं. हा गृहस्थ १८८३ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. बर्कलीला अभियांत्रिकी शिकला, शहराच्या पाणी-सांडपाणी खात्यात काही महिने नोकरी केली आणि ती सोडून वर्तमानपत्रात चित्रं काढायला लागला. साध्या कामासाठी भलतीच गुंतागुंतीची यंत्रं काढण्यात त्याची हयात गेली. पुढे त्याचं नावच इंग्रजीत अशा खटाटोपाला विशेषण म्हणून चिकटलं. मी दाखवलं ते १९३१ चं चित्र, आपोआप तोंड पुसणाऱ्या रुमालाचं. सूपचा चमचा तोंडाशी नेला की दोरी ओढली जाते, पळी उडते, बिस्किट हवेत जातं, पोपट त्यावर झेपावतो, त्याची दांडी कलंडते, दाणे बादलीत पडतात... असं करत करत शेवटी लंबकाला बांधलेला रुमाल हनुवटीवरून फिरतो.

मुलं हसली. अडकित्तावाली मात्र हसली नाही. "बाई, पोपटाला भूक नसली तर?"

मी वीस वर्षं विज्ञान शिकवते. साखळी-यंत्राबद्दल यापेक्षा नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. तिथल्या तिथं तिला वही दिली आणि सांगितलं, प्रत्येक फेरी लिहायची. किती वाजता, कुठं अडली, का अडली. पुढे सगळा गट तिला 'वहीवाली' म्हणायला लागला.

सामान जमवायला फार पैसे लागले नाहीत. वायरमनच्या मुलीनं केसिंगच्या पट्ट्या आणल्या. भिंतीवरची वायर झाकायला वापरतात त्या. उलट्या धरल्या की गोटीसाठी तयार पन्हाळ. गवंड्याच्या मुलानं वडिलांची जुनी लेव्हलची नळी आणली, पारदर्शक, पंधरा फूट. बाजारपेठेतल्या बंद पडलेल्या एका कॅसेट लायब्ररीच्या मालकानं एकतीस कॅसेटी फुकट दिल्या, वर म्हणाला, "चला, काहीतरी उपयोग झाला." परदेशी मुलं डॉमिनो लावतात. आमच्याकडे आधी काडेपेट्या उभ्या केल्या होत्या, पण हॉलचा पंखा एकवर असला तरी त्या आपोआप आडव्या व्हायच्या. कॅसेट कशी ठाम उभी राहते, आणि पडताना 'खट्' असा समाधानकारक आवाज करते.

माझी पहिली चूक नियोजनाची. दोघादोघांच्या जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला टप्पे वाटून दिले आणि म्हटलं, घरी करून आणा, सोमवारी जोडू. सोमवारी प्रत्येकाचा टप्पा त्याच्या त्याच्या टेबलावर झकास चालला. जोडल्यावर एकही चालेना. एक टेबल दोन सेंटीमीटर बुटकं होतं. एकाची गोटी काचेची, दुसऱ्यानं धरलेली प्लॅस्टिकची. कॅसेट पडायची, पण तरफेच्या पट्टीच्या अलीकडे. जिथं एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं, ती जागा मी कुणालाच वाटून दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी जोड्या मोडल्या आणि सांध्यांना माणसं नेमली.

स्क्रूनं सगळ्यांत जास्त छळलं. मुलांची कल्पना अशी की उभ्या आट्यांच्या सळईवर जड नट सोडायचा, तो गरगरत खाली येईल. नट जागचा हलला नाही. तेल लावलं, तरी नाही. मग आम्ही एक कागदी काटकोन त्रिकोण कापला आणि पेन्सिलीभोवती गुंडाळला. तिरकी कड आट्यासारखी वर चढत गेलेली दिसली. स्क्रू म्हणजे गुंडाळलेली उतरणच. आणि नेहमीच्या स्क्रूची ही उतरण इतकी कमी चढाची असते की घर्षण नटाला घसरू देत नाही. म्हणून तर पिळलेला स्क्रू जागेवर राहतो, बाकडी टिकतात, पंखे डोक्यावर पडत नाहीत. आम्हाला घसरणारा हवा होता, म्हणजे चढ वाढवायला हवा. गवंड्याच्या पोरानं लेव्हलची नळी जाड पाइपाभोवती लांब लांब वेढ्यांनी गुंडाळली आणि सुतळीनं बांधली. वरून सायकलचे सात छर्रे सोडले, ते भुर्रकन चकरा मारत खाली आले. तो म्हणाला, "बाई, ह्या नळीत बाबा पाणी भरतात ते सपाट बघायला." उतार शोधायला ती पहिल्यांदाच वापरली गेली असावी.

मोहरीची कथा निराळी. तिथं आधी नदीची वाळू होती. नरसाळ्यातून वाळू डब्यात पडायची, डबा जड झाला की कप्पीवरून खाली यायचा आणि दुसऱ्या बाजूचं फाटक उचलायचं. ऊन चढल्यावर छान चालायची, सकाळी लवकर ढिम्म. कराडच्या बाजूला थंडीत सकाळी नदीवरून धुकं येतं, वाळू दमट होते. एकानं ती घरी तव्यावर भाजून आणली. एक दिवस चालली. मग रवा झाला, साबुदाणा झाला, आणि मोहरीनं बाजी मारली. याच भानगडीत वायरमनच्या मुलीनं एक गोष्ट हेरली. डब्याच्या भोकातून पाणी गळतं तेव्हा पातळी उतरत जाते तशी धार मंदावते. मोहरीची धार नरसाळं भरलेलं असो की अर्धं, जवळजवळ सारखीच. मोबाइलवर वेळ लावून तिनं चारदा पाहिलं. दाण्यांच्या ढिगाचा बराचसा भार भांड्याच्या भिंती पेलतात, तळाच्या भोकावर तो पाण्यासारखा येत नाही. वाळूच्या घड्याळात वाळूच का भरतात, हे मी त्यांना पुढच्या वर्षी कधीतरी सांगणार होते. आता गरज उरली नाही. पण हॉलच्या फरशीवर मोहरीचे दाणे आणि त्यावरून घसरून बसलेले शारीरिक शिक्षणाचे सर, हा प्रसंग इथं नोंदवून ठेवते.

आणि आजोबा. डबा द्यायला आलेले एका मुलाचे आजोबा दारात उभे राहून बराच वेळ आमचा ट्रक बघत होते. ट्रकनं दोरी ओढायची, दोरीनं चाक फिरवायचं, असा तो टप्पा. सपाट फरशीवर ट्रक अर्ध्यात थांबायचा. आजोबा म्हणाले, "त्याला धाव द्या की." मुलांना कळेना. त्यांनी काठीनं फरशीवर रेघ काढून दाखवली. विहिरीवर मोट असायची तेव्हा बैल चालायचे ती वाट, म्हणजे धाव, विहिरीपासून लांब जाताना उतरती केलेली असायची. भरलेली मोट वर खेचताना बैल उताराला लागायचे, त्यांच्या अंगाचं वजनही नाड्यावर यायचं. मोकळी मोट खाली सोडताना ते चढ चढून मागं यायचे, तेव्हा ओझं नसायचं. मी मोट चित्रात शिकवली आहे, कप्पीचं उदाहरण म्हणून. तिच्यात उतरणही आहे हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. ट्रकखाली फळी तिरकी केली. चाक फिरलं.

वही भरत होती. 'फेरी ७ : कॅसेट १४ वाकडी. फेरी ८ : कुत्रं आलं. फेरी ११ : तरफेचा खोडरबर सरकला. फेरी १२ : तोच.' वीस फेऱ्या झाल्या तेव्हा घंटा फक्त चारदा वाजली होती. मुलं हिरमुसली. प्रत्येकाचं म्हणणं एकच, माझा टप्पा तर चालतो. मी फळ्यावर लिहिलं, प्रत्येक टप्पा दहातून नऊदा चालतो, टप्पे बारा. तर अख्खं यंत्र दहातून किती वेळा? "नऊ," वर्ग म्हणाला. एक जण घाबरत "आठ" म्हणाला. मग मोबाइलवर शून्य दशांश नऊला त्यानंच बारा वेळा गुणायला लावलं. शून्य दशांश अठ्ठावीस. म्हणजे दहातून तीनदाही नाही. हॉलमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही. मग अठ्ठ्याण्णव टक्के धरून पाहिलं. तेव्हा कुठं अठ्ठ्याहत्तरपर्यंत गाडी आली. 'माझा टप्पा तर चालतो' हे वाक्य त्यानंतर ऐकू आलं नाही. आता विचारणा असायची, "तुझा शंभरात किती?"

खरं तर सुरुवातीला टप्पे पंधरा होते. ते कमी करायचं ठरलं तेव्हा कुणाचा कापायचा यावरून भांडणं होणार अशी माझी धास्ती होती. सर्वात आधी मेणबत्ती गेली, जिच्या ज्योतीनं दोरा जळून वजन पडणार होतं. वहीत तिच्यापुढे 'कधी १० सेकंद, कधी ४०' अशी नोंद होती. मेणबत्तीची कल्पना माझी होती.

दुसरा प्रश्न मी मुद्दाम टाकला. मोगरी अर्ध्या किलोची, ती वीस सेंटीमीटर खाली येऊन घंटेवर बसते. पहिली गोटी पाच ग्रॅमची, ती तीस सेंटीमीटर उतरते. हिशोब केला तर मोगरीत गोटीच्या साधारण सदुसष्ट पट ऊर्जा. हा जोर गोटीनं कुठून आणला? 'तरफेनं वाढवला' असं उत्तर येणार, मग मी सांगणार की तरफ जोर वाढवते तेव्हा अंतरात वसूल करते, काम काही वाढवून देत नाही, वगैरे. पण गवंड्याचा पोरगा खांदे उडवून म्हणाला, "गोटीनं कुठं आणला? मोगरी सकाळी आमीच वर टांगली नव्हं?"

तेच. ट्रक धावेच्या माथ्यावर त्यांनी ठेवलेला, मोहरी त्यांनी नरसाळ्यात भरलेली, उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग त्यांनीच ताणलेली. गोटी येऊन फक्त खिटी काढते. फेरी चालायची बावन्न सेकंद, आणि ती मांडायला लागायची चाळीस मिनिटं. बघणाऱ्याला बावन्न सेकंद दिसतात. मी मात्र मांडणारी मुलं बघत बसायचे. एकतीस कॅसेटी उभ्या करताना श्वास रोखणारा तो एकोणीस गुणांचा मुलगा, पोटावर आडवा होऊन खोडरबरावर पट्टीचा तोल लावणारी दोघं. वर्गात जी पाच मिनिटं एका जागी बसत नाहीत, ती.

याच सुमारास त्यांना पीटर फिश्ली आणि डेव्हिड वाइस या स्विस कलावंतांची १९८७ सालची अर्ध्या तासाची फिल्म दाखवली. टायर, फळ्या, फुगे, आग, फेस, सगळं एकातून दुसऱ्यात जात राहतं. मुलं थक्क. पण दहाव्या-बाराव्या मिनिटाला एक जण ओरडला, "बाई, थांबवा. इथं कापलंय!" मागं नेऊन पाहिलं, फेसाच्या जवळून घेतलेल्या चित्रात जोड लपवलेला असावा असं वाटत होतं. तशा खुबीनं लपवलेल्या जागा त्या फिल्ममध्ये आहेतही. त्यावर मोठी चर्चा झाली. मी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाची गोष्ट सांगितली. तिथं १९४९ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अशा यंत्रांची चढाओढ सुरू केली होती आणि पुढे तिची देशभर स्पर्धा झाली. अशा स्पर्धांत यंत्र सुरू झाल्यावर माणसाचा हात लागला की गुण जातात. मुलांनी त्याहून कडक नियम केला. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं: 'पाचर ओढल्यावर कुणी हात लावायचा नाही. लावला तर फेरी फसली.' खाली अकरा सह्या. बारावी माझी.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीपर्यंत चाळीस फेऱ्या झाल्या, सतरा यशस्वी. शेवटच्या दहांत आठ. उद्घाटन सकाळी दहाला होतं. पाहुणे अधिकारी आले अडीचला.

आमच्या चाळीसही फेऱ्या सकाळी अकराच्या आत झाल्या होत्या, कारण पुढे हॉल दुसऱ्या वर्गाला लागतो. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट नळीवर येतं, हे आम्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नळी उन्हानं मऊ झाली आणि दोन सुतळ्यांच्या मध्ये किंचित पोटात गेली. बारीकशी खोलगट जागा, लांबून दिसायचीसुद्धा नाही.

पाहुण्यांनी पाचर ओढली. गोटी, कॅसेटी, तरफ, मोहरी, ट्रक, चाक, सगळं ओळीनं. टाळ्या सुरू झाल्या होत्या. पहिला छर्रा दुसऱ्या वेढ्यात आला आणि त्या खळग्यात थांबला. मागचे सहा त्याला येऊन टेकले. एक, दोन, तीन सेकंद. पाहुणे घड्याळाकडे पाहत होते, मुख्याध्यापक माझ्याकडे. मी नळीच्या शेजारीच उभी होते. मी तर्जनीनं नळीला हलकी टिचकी मारली.

छर्रे सुटले, सापळा बसला, खिटी निघाली, घंटा वाजली. हॉल टाळ्यांनी दुमदुमला. पाहुणे म्हणाले, "वा, वा, ग्रामीण भागातली मुलं!" आणि फोटो काढून पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांच्या लक्षात काही आलं नसावं. मी मुलांकडे पाहिलं. अकरांपैकी एकही टाळी वाजवत नव्हता. वहीवाली भिंतीला टेकून खाली मान घालून लिहीत होती.

गर्दी पांगल्यावर मी वही मागितली. तिनं दिली. 'फेरी ४१ : दु. २.४८. छर्रे दुसऱ्या वेढ्यात अडले. कारण ऊन (?). बाईंनी बोट लावलं. फसली.'

मी म्हटलं, "अगं, पाहुणे होते..." ती काही बोलली नाही. गवंड्याचा पोरगा म्हणाला, "तुमची सही हाय, बाई."

प्रमाणपत्र मिळालं. ते कुणाच्या घरी न्यायचं यावर वाद झाला नाही, ते मुख्याध्यापकांच्या कार्यालयात लागलं. मुलांनी मात्र साडेतीनला, बाकीचे प्रकल्प पेट्यांत भरले जात असताना, पुन्हा कॅसेटी उभ्या करायला घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. एक जण हॉलभर फिरून मोहरी झाडूनं गोळा करत होता. नळीला मुद्दाम हात लावला नाही. ऊन आहे तसं पडू द्यायचं आणि कारण तेच आहे का बघायचं, असं वहीवालीचं म्हणणं. मी नळीपासून चार पावलं लांब बाकावर बसले. "बाई, हात," कुणीतरी म्हणालं. मी हातांची घडी घातली.

सव्वाचारला पाचर ओढली. सगळं ओळीनं झालं आणि छर्रा त्याच जागी थांबला. मागचे सहा येऊन टेकले. कुणी हललं नाही. अकरा डोकी त्या नळीभोवती गोळा झाली, जवळ जवळ, पण हात सगळ्यांचे पाठीमागं. ऊन नळीवरून हळूहळू सरकत होतं. वायरमनच्या मुलीनं नळीच्या खालून वाकून पाहिलं आणि बोटानं न शिवता खळगा दाखवला. "हितं एक बंद पाहिजे. आणि हितं."

व्हरांड्यातून मामा आले. त्यांनी टांगलेल्या मोगरीकडे पाहिलं, मग छर्‍यांकडे पाहिलं. "सुटायची वेळ झाली. वाजवू का मी?"

"दोन मिनिटं, मामा," वहीवाली म्हणाली आणि लिहायला लागली. मामा दोन मिनिटं थांबले. मग त्यांनी खिटी काढून मोगरी हातात घेतली आणि बाहेर जाऊन टोल दिले.

एकही मूल घरी गेलं नाही. सुतळी कुणाच्या दप्तरात आहे, याची शोधाशोध चालू होती.